पेनड्राइव्ह लिनक्सवर टर्मिनलमधून एन्क्रिप्ट करायचाय, नीट क्रम सांगाल का?

निळीशाई

नमस्कार मंडळी, माझ्याकडे ६४ जीबीचा एक पेनड्राइव्ह आहे, त्यात घरच्यांच्या कागदपत्रांचे स्कॅन, काही करार, एसएसएचच्या कीज आणि पासवर्ड मॅनेजरच्या डेटाबेसची एक प्रत ठेवायचीय. ड्राइव्ह कायम बॅगेत असणार म्हणजे कधीतरी हरवणार हे धरूनच चाललेय, म्हणून तो सापडणाऱ्याला आत काहीही दिसता कामा नये. ज्या मशीनवर हे करायचंय त्यावर डेस्कटॉप नाहीये, नुसतं टर्मिनल, त्यामुळे ग्राफिकल टूल उघडून क्लिक करत जायचा मार्ग बंद.

शोधलं तर जो तो वेगळंच सांगतो, कुणी म्हणतं अख्ख्या ड्राइव्हवर लक्स (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) टाका, कुणी म्हणतं आधी पार्टिशन करा, कुणी म्हणतं आधी सगळा ड्राइव्ह रँडम डेटाने भरून काढा. टर्मिनलची मला सवय आहे, पण त्याच मशीनमध्ये दुसरी एक डेटा डिस्क लावलेली आहे आणि चुकून तिच्यावर काही चाललं तर संपलंच, म्हणून एंटर दाबायच्या आधी विचारतेय.

तर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम काय, ड्राइव्ह काढताना काय करायचं, आणि कधी विंडोजवर उघडायची वेळ आली तर काय, एवढं कुणी नीट सांगेल का? आणि पासफ्रेज (म्हणजे उघडायचा लांब पासवर्ड) विसरली तर खरंच काही उपाय नसतो का?

अर्धविराम

सविस्तर लिहितो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या. दोन ठिकाणी स्पेलिंग जपा, लक्सफॉरमॅटमधला एफ कॅपिटल असतो (लक्सने सुरू होणाऱ्या बाकीच्या कमांडमध्येही पुढचा प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतो), आणि यूमाउंटमध्ये यूच्या पुढे एन नाहीये.

आधी क्रिप्टसेटअप हे पॅकेज इन्स्टॉल आहे का बघा, नसेल तर एपीटी किंवा डीएनएफने त्याच नावाने मिळतं. हे लक्सचं नेहमीचं टूल. लक्स २००४ मध्ये क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी आणलं, खाली काम करतं ते कर्नलमधलं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं) डीएम-क्रिप्ट, म्हणजे एन्क्रिप्शन ब्लॉकच्या पातळीवर होतं आणि वरच्या फाइल सिस्टिमला त्याचा पत्ताही नसतो. २०१९ पासून, म्हणजे क्रिप्टसेटअप २.१ पासून, आपोआप लक्स२ होतं. तेच राहू द्या.

आता तुमची खरी भीती, चुकीची डिस्क. ही भीती योग्यच आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ड्राइव्ह लावायच्या आधी हे चालवा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,ट्रॅन,माउंटपॉइंट

मग ड्राइव्ह लावा आणि तेच परत चालवा. नवीन आलेली ओळ म्हणजे तुमचा ड्राइव्ह, आणि ट्रॅनच्या कॉलममध्ये तिच्यासमोर यूएसबी दिसलं पाहिजे, साइझ ५९ जीबीच्या आसपास दिसेल कारण एलएसबीएलके १०२४ च्या हिशोबात मोजतं, त्याने दचकू नका. समजा नाव एसडीबी आलं. हे नाव कायमचं नसतं, ड्राइव्ह काढून परत लावला की एसडीसी होऊ शकतं, आणि काल एसडीबी होतं म्हणून आज हिस्टरीतून वरचा बाण दाबून तीच कमांड चालवणं हा डेटा घालवायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. दुसरी डिस्क मशीनमध्ये आहेच तर /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/ या फोल्डरमधलं लांबलचक नाव वापरा, त्यात कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर येतो आणि पेनड्राइव्हचं नाव यूएसबी या अक्षरांनीच सुरू होतं. टाइप करायला कंटाळा येतो पण टॅब दाबून पूर्ण होतं. त्याहून उत्तम म्हणजे तेवढ्यापुरती ती डेटा डिस्क काढून ठेवता येत असेल तर सरळ काढून ठेवा.

पुढे सोपेपणासाठी एसडीबीच लिहितो, तुम्ही तुमचं नाव घाला.

ड्राइव्ह कुठे माउंट झाला (म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडला गेला) असेल तर सोडवा, मग जुन्या खुणा पुसा आणि एक पार्टिशन करा:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१
सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी
सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी
सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेपार्ट गुप्त १एमआयबी १००%

पार्टिशन की अख्खा ड्राइव्ह याचं उत्तर असं की लक्स दोन्हीवर तितकंच चालतं, सुरक्षेत फरक नाही. पण पार्टिशन टेबल नसलेला ड्राइव्ह दुसऱ्या सिस्टिमला कोरा वाटतो आणि ती भाबडेपणाने इनिशियलाइज करू का म्हणून विचारते, कुणीतरी हो म्हणतं आणि खेळ खलास. म्हणून पार्टिशन करा.

मग मुख्य काम:

सुडो क्रिप्टसेटअप लक्सफॉरमॅट --टाइप लक्स२ /डेव्ह/एसडीबी१

ते सांगेल की यावरचा डेटा कायमचा जाणार, आणि पुढे जायला कॅपिटलमध्ये येस टाइप करायला लावेल, स्मॉलमध्ये लिहिलं तर सोडून देतं. इथे हात थांबवून ती ओळ वाचा, त्यात डिस्कचं नाव लिहिलेलं असतं, शेवटची खात्री करायची जागा हीच. मग पासफ्रेज दोनदा. टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड बंद पडलेला नसतो.

डिफॉल्टला सायफर एईएस-एक्सटीएस, की ५१२ बिटची (एक्सटीएसमध्ये ती दोन भागांत वापरली जाते म्हणून प्रत्यक्षात एईएस-२५६). हे बदलायच्या फंदात पडू नका, डिफॉल्ट उत्तम आहेत. एकच गोष्ट बघा, लक्स२ पासफ्रेजवरून की काढायला आर्गॉन२ वापरतं आणि ते मुद्दाम रॅम खातं, १ जीबीपर्यंत, म्हणजे हल्ला करणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढी रॅम लागावी. मोठ्या मशीनवर फॉरमॅट केलेला ड्राइव्ह नंतर ५१२ एमबी रॅमच्या छोट्या बोर्डवर लावला तर उघडतच नाही आणि माणसाला वाटतं पासफ्रेज चुकली. असं कुठलं मशीन तुमच्या वापरात असेल तर वरच्या कमांडला --पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४ जोडा, आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे हे २५६ एमबी झाले.

आता उघडा आणि आत फाइल सिस्टिम टाका:

सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीबी१ गुप्त
सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -एल कागद /डेव्ह/मॅपर/गुप्त

दुसऱ्या ओळीत /डेव्ह/एसडीबी१ नाही, /डेव्ह/मॅपर/गुप्त आहे, हे नीट बघून घ्या. उघडल्यावर कर्नल एक नवीन डिव्हाइस तयार करतो आणि त्यावर लिहिलेलं सगळं एन्क्रिप्ट होऊन खाली जातं. घाईत मूळ पार्टिशनवरच एमकेएफएस चालवलं तर लक्सचं हेडर, म्हणजे की ठेवलेला सुरुवातीचा भाग, गेलं. -एम ० अशासाठी की ईएक्सटी४ रूटसाठी ५% जागा राखून ठेवतं, पेनड्राइव्हवर तिचा काही उपयोग नाही.

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/गुप्त
सुडो माउंट /डेव्ह/मॅपर/गुप्त /एमएनटी/गुप्त
सुडो सीएचओन $यूझर: /एमएनटी/गुप्त

शेवटची ओळ एकदाच लागते, नाहीतर सगळं रूटच्या नावावर राहतं आणि साधी फाइल कॉपी करायलाही सुडो लागतं.

काढताना उलटा क्रम:

सिंक
सुडो यूमाउंट /एमएनटी/गुप्त
सुडो क्रिप्टसेटअप क्लोज गुप्त
उडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

क्लोज ही ओळ लोक खाऊन टाकतात. नुसतं यूमाउंट केलं तर फाइल दिसत नाहीत पण की अजून कर्नलच्या मेमरीत असते, त्या मशीनवर कुणीही सुडोवाला परत माउंट करू शकतो, पासफ्रेज विचारलीच जात नाही.

रँडम डेटाने भरण्याबद्दल. ड्राइव्ह नवा असेल तर त्याचा उपयोग एवढाच की बाहेरून बघणाऱ्याला किती जागा भरलीय ते कळत नाही. तुम्हाला हवं असेल तर लक्स उघडल्यावर, फाइल सिस्टिम टाकायच्या आधी, मॅपरवर शून्य लिहा, खाली ते एन्क्रिप्ट होऊन रँडमसारखंच दिसतं:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/डेव्ह/मॅपर/गुप्त बीएस=४एम स्टेटस=प्रोग्रेस

शेवटी जागा संपली असा एरर येतो, तो यायलाच हवा. पण याच ड्राइव्हवर आधी उघडे स्कॅन ठेवले असतील तर मात्र लक्ष द्या, फ्लॅशमधला कंट्रोलर झीज सारखी वाटायला ब्लॉक आतल्या आत फिरवत असतो, काही ब्लॉक आपल्याला दिसतच नाहीत, म्हणजे वरून कितीही लिहिलं तरी जुना डेटा शंभर टक्के गेला अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. गुप्त ठेवायच्या गोष्टींना कोरा ड्राइव्ह घ्या आणि एन्क्रिप्ट केल्यावरच पहिली फाइल टाका.

पासफ्रेज विसरली तर उपाय नाही. खरंच नाही. मागचं दार असतं तर मी हे तुम्हाला वापरा म्हटलंच नसतं. पण पासफ्रेज आठवत असूनही डेटा जाऊ शकतो आणि तो जास्त वाईट प्रकार, म्हणून हेडरचा बॅकअप घ्याच. तुमची पासफ्रेज डेटाची चावी नाहीये. डेटाची खरी चावी रँडम बनवून हेडरमधल्या एका छोट्या तिजोरीत (तिला कीस्लॉट किंवा नुसतं स्लॉट म्हणतात) ठेवलेली असते आणि पासफ्रेज फक्त ती तिजोरी उघडते. ती चावी मुद्दाम ४००० पट्ट्यांत पसरवून ठेवलेली असते, म्हणजे पुसायची म्हटली की थोडासा भाग पुसला तरी पुरावं. त्याची दुसरी बाजू अशी की ड्राइव्हच्या सुरुवातीचा, त्या अडीचशे केबीच्या पट्ट्यातला एक सेक्टर जरी खराब झाला तरी तो स्लॉट गेला. लक्स२ आपल्या माहितीच्या दोन प्रती ठेवतं खरं, पण कीस्लॉटचा भाग एकच असतो. स्वस्त फ्लॅशमध्ये सेक्टर मरणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एसडीबी१ --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.आयएमजी

१६ एमबीची फाइल होते. त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पाटीपेन्सिल

अर्धविराम यांनी छान लिहिलंय, पासफ्रेजबद्दल माझी भर, कारण आपण मराठीत टाइप करणारी माणसं आहोत आणि यात आपले स्वतःचे खास खड्डे आहेत.

देवनागरीत पासफ्रेज ठेवायचा मोह होतो, लक्स नाही म्हणत नाही, त्याला बाइट्सशी मतलब. पण एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं हे विसरू नका. 'दऱ्या' मधला तो अर्धा र घ्या. एका कीबोर्डवर तो नुक्तावाला ऱ, हलंत आणि य असा बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत, मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि मग य असा. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट्स वेगळे, आणि लक्स म्हणणार या पासफ्रेजची की नाही. शिवाय टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही म्हणजे कुठे चुकतंय ते कळायचा मार्गच नाही, आणि नुसत्या टर्मिनलच्या मशीनवर मराठी लेआउट असेलच असं नाही. क्रिप्टसेटअपच्या मॅन पेजवरही साधी अॅस्कीची अक्षरंच वापरा असं सांगितलंय.

मग रोमन लिपीत मराठी शब्द घ्यावेत का, तर घ्या, पण स्पेलिंग एकदा ठरवून टाका. वारा लिहिताना व्ही की डब्ल्यू, एक ए की दोन, हे आज एक वाटतं आणि सहा महिन्यांनी दुसरं. सुरुवातीला कागदावर लिहून ठेवा, पेनड्राइव्हपासून लांब, आणि हात बसला की कागदाचं काय करायचं ते ठरवा. फाडायचाच असं माझं म्हणणं नाही, घरातला सुरक्षित ठिकाणी ठेवलेला कागद बॅगेतल्या ड्राइव्हच्या चोराला मिळत नसतो.

ताकद किती असावी याचा हिशोब सोपा आहे. ७७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द निवडले तर साधारण ७७ बिट होतात, आर्गॉन२ च्या जोडीने ते भरपूर झालं. मात्र शब्द फाशानेच निवडायचे, मनाने निवडलेले शब्द रँडम नसतात, आपल्याला कितीही वाटलं तरी. आवडत्या कवितेची ओळ तर अजिबात नको.

आणि घरच्यांची कागदपत्रं आहेत म्हणता, तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही ती उघडता आली पाहिजेत, तुम्ही नसताना गरज पडली तर. त्यासाठी तुमची पासफ्रेज कुणाला द्यायची गरज नाही, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत स्लॉट असतात:

सुडो क्रिप्टसेटअप लक्सअॅडकी /डेव्ह/एसडीबी१

आधी जुनी विचारेल, मग नवी. कुठले स्लॉट भरलेत ते लक्सडंपने दिसतं. उद्या ती पासफ्रेज बंद करायची झाली तर लक्सरिमूव्हकी आहे.

खिडकीबाहेर

विंडोजचा भाग मी घेतो, मला दोन्हीकडे काम करावं लागतं.

विंडोज लक्स ओळखत नाही. ड्राइव्ह लावला की बरेचदा ते सांगतं की वापरायच्या आधी फॉरमॅट करा, आणि समोर बटण. ते बटण दाबलं की हेडरवर नवीन फाइल सिस्टिम बसते. तुमच्या हातून नाही होणार, पण घरातल्या कुणीतरी प्रिंट काढायला म्हणून ड्राइव्ह लावला तर होईल, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा. थोडा बचाव म्हणजे पार्टिशनचा टाइप लक्सचा ठेवायचा:

सुडो एसजीडिस्क -टी १:८३०९ /डेव्ह/एसडीबी

अशा पार्टिशनला विंडोज सहसा ड्राइव्ह लेटर देत नाही, मग तो प्रश्नही विचारत नाही.

दोन्हीकडे उघडायलाच हवा असेल तर व्हेराक्रिप्ट. ते ट्रूक्रिप्टच्या कोडवरून पुढे आलंय, ट्रूक्रिप्टचं काम २०१४ मध्ये थांबलं. लिनक्सवर त्याला -टी लावलं की टर्मिनलमध्येच प्रश्न विचारत जातं, डेस्कटॉप लागत नाही. लिनक्सवर नुसता उघडायचा असेल तर व्हेराक्रिप्ट इन्स्टॉल करायचीही गरज नाही, क्रिप्टसेटअपलाच ते येतं:

सुडो क्रिप्टसेटअप ओपन --टाइप टीक्रिप्ट --व्हेराक्रिप्ट /डेव्ह/एसडीबी१ गुप्त

विंडोजवर मात्र व्हेराक्रिप्टला ड्रायव्हर लोड करावा लागतो म्हणजे अॅडमिनचे हक्क लागतात, अगदी पोर्टेबल वापरलं तरी. ऑफिसच्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर ते मिळत नाहीत. आणि मला विचाराल तर परक्या मशीनवर हा ड्राइव्ह उघडूच नये, तिथे कीबोर्ड कोण ऐकतंय ते माहीत नसतं आणि एकदा पासफ्रेज टाइप केली की ड्राइव्हमधलं सगळंच त्या मशीनला उघडं. त्या एका कामाला लागणारी एक फाइल दुसऱ्या साध्या ड्राइव्हवर न्या. तुमच्या यादीत एसएसएच कीज आणि पासवर्डचा डेटाबेस आहे, त्या यादीला विंडोजची सोय नकोच.

मधलीसुट्टी

एवढं सगळं करण्यापेक्षा जीपीजीने फाइलच एन्क्रिप्ट केल्या तर? टारने सगळ्याची एक फाइल करायची आणि जीपीजी -सी, पासफ्रेज टाकली की झालं, रूट लागत नाही, कुठल्याही ड्राइव्हवर, ईमेलवर, कुठेही नेता येतं. मी तरी हेच करते आणि मला कधी अडचण आली नाही.

अर्धविराम

मधलीसुट्टी, एकदा ठेवून द्यायच्या गोष्टींना तुमचा मार्ग खरोखर चांगला आहे, मीही हेडरच्या बॅकअपची फाइल तशीच ठेवतो. पण रोज उघडायच्या फाइलना नाही. बघायची म्हटली की आधी ती कुठेतरी उघडी काढावी लागते, ती बहुतेक वेळा होम फोल्डरमध्येच निघते, मग पुसायची आठवण ठेवायची, आणि पुसली तरी एसएसडीवर ती खरंच गेली का हा वरचाच प्रश्न. लक्समध्ये फाइल ड्राइव्हवरच राहून वाचता येते. फाइलची नावंही दिसत नाहीत, हा मुद्दा लोक विसरतात, कराराच्या फाइलचं नुसतं नावच पुष्कळ काही सांगून जातं. तुम्ही टार करता म्हणून तुमचं झाकलं जातं, प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करणाऱ्यांचं नाही.

अर्थात लक्समध्येही गळती होते ती मशीनच्या बाजूने. एडिटर आपली तात्पुरती फाइल कुठे ठेवतो ते बघा, फोटो बघायचा प्रोग्राम होममधल्या .कॅश/थंबनेल्स मध्ये छोटी चित्रं करून ठेवतो, स्कॅनचं ते छोटं चित्रही वाचता येतं, आणि स्वॅप (रॅम कमी पडली की मशीन डिस्कवर जिथे लिहितं ती जागा) तर आहेच. ज्या मशीनवर ड्राइव्ह नेहमी उघडणार त्याची स्वतःची डिस्क एन्क्रिप्टेड असेल तरच वर्तुळ पूर्ण होतं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट एका जागी कुठे मिळालं नव्हतं. डेटा डिस्क काढून ठेवली आणि मग सुरुवात केली, फॉरमॅट, ओपन, माउंट सगळं झालं, दुसरी पासफ्रेजही टाकली. हेडरची फाइल पण घेतली.

आता दोन अडचणी. एक, यूमाउंट करताना टार्गेट बिझी म्हणतंय. मी तर सगळं बंद केलंय. वाचलं की यूमाउंटला -एल लावलं की निघतो, ते चालेल का? दोन, ड्राइव्ह माझ्या दुसऱ्या लॅपटॉपवर लावला तर उघडतो, फाइल दिसतात, पण लिहिता येत नाही, परमिशन नाही म्हणतो. पासफ्रेज तर तीच आहे, मग लिहू का देत नाही?

आणि एक राहिलंच, पुढे कधी पासफ्रेज बदलली तर हेडरचा हा बॅकअप चालेल की नवीन घ्यायचा?

पाटीपेन्सिल

-एल नको! ते लेझी यूमाउंट आहे, फोल्डरमधून नजरेआड होतं पण जो प्रोग्राम अडवून बसलाय त्याचं चालूच राहतं, आणि मग क्रिप्टसेटअप क्लोज म्हणणार डिव्हाइस अजून वापरात आहे, आणि आता तर कोण वापरतंय ते शोधणंही अवघड. त्यात ड्राइव्ह ओढून काढला तर अर्धवट लिहिलेलं जातं. आधी कोण अडवतंय ते बघा:

सुडो फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/गुप्त

बहुतेक वेळा दुसऱ्या टर्मिनलमध्ये आपणच त्या फोल्डरमध्ये सीडी करून बसलेलो असतो, यादीत बॅश दिसलं तर तेच. त्या टर्मिनलमध्ये नुसतं सीडी दाबून होममध्ये जा आणि परत यूमाउंट करा. टीमक्स किंवा स्क्रीन (एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारे प्रोग्राम) वापरत असाल तर मागे राहिलेल्या विंडोही बघा.

अर्धविराम

परमिशनचं असं आहे की ईएक्सटी४ फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने लिहून ठेवतं. एका मशीनवर तुमचा यूझर आयडी १००० असेल आणि दुसऱ्यावर १००१, तर दुसऱ्याच्या दृष्टीने त्या फाइल परक्याच्या. आयडी -यू दोन्हीकडे चालवून बघा. एन्क्रिप्शनचा याच्याशी काही संबंध नाही, पासफ्रेजने दार उघडलं, आतल्या फाइलवर हक्क कोणाचा हे फाइल सिस्टिम ठरवते. दोनच मशीन असतील आणि दोन्ही तुमचीच, तर दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच आकड्याचा यूझर करणं सगळ्यात स्वच्छ. जास्त मशीन असतील तर आत ईएक्सटी४ ऐवजी एक्सफॅट टाका, त्यात मालकी हा प्रकारच नाही, माउंट करताना -ओ यूआयडी=१००१ असं जे सांगाल तो मालक. पण एक्सफॅटला जर्नल (बदल करायच्या आधी ठेवलेली त्यांची नोंद) नसतं, ड्राइव्ह मध्येच ओढला तर जास्त नुकसान होतं, म्हणून मी तुमच्या जागी ईएक्सटी४ च ठेवेन.

दुसऱ्या लॅपटॉपवर डेस्कटॉप असेल तर सुडोशिवायही भागतं:

उडिस्कसीटीएल अनलॉक -बी /डेव्ह/एसडीबी१

ते मॅपरला नाव स्वतःच देतं आणि कुठलं डीएम डिव्हाइस झालं ते छापतं, मग त्याच नावाला उडिस्कसीटीएल माउंट. शेवटी अनमाउंट (इथे मात्र यूच्या पुढे एन आहे) आणि लॉक.

हेडरच्या बॅकअपचा प्रश्न फार बरा विचारलात. पासफ्रेज बदलली की नवीन बॅकअप घ्यायचाच, कारण जुनी फाइल जुन्याच पासफ्रेजने उघडते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुनी फाइल नष्ट करायची. पासफ्रेज बदलल्याने तिजोरीचं कुलूप बदलतं, आतली चावी तीच राहते. म्हणजे उद्या कुणाला तुमची जुनी पासफ्रेज कळली, आणि म्हणूनच तुम्ही ती बदलली, पण त्याच्या हातात हेडरची जुनी फाइल आणि ड्राइव्ह दोन्ही पडले, तर तो सगळा डेटा वाचू शकतो, तुमच्या नवीन पासफ्रेजला विचारायचीही गरज नाही. काढून टाकलेल्या स्लॉटचंही तसंच. पासफ्रेज फुटल्याची खरीच शंका असेल तर क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट चालवा, त्याने आतली चावीच नवीन होते आणि सगळा डेटा परत लिहिला जातो. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला बराच वेळ लागेल, मध्ये वीज जाणार नाही असं बघा आणि आधी डेटाची प्रत काढून ठेवा.

आत्ता घेतलेला बॅकअप चालतो का ते आजच तपासून घ्या, ड्राइव्ह चांगला असतानाच:

सुडो क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज --हेडर हेडर.आयएमजी /डेव्ह/एसडीबी१

पासफ्रेज टाकल्यावर काहीच न बोलता परत प्रॉम्प्ट आला म्हणजे बरोबर आहे. दोन्ही पासफ्रेजने करून बघा.

निळीशाई

फ्यूझरने बॅश दाखवलं, टीमक्सच्या एका विंडोत तेच फोल्डर उघडं होतं. आता यूमाउंट आणि क्लोज दोन्ही व्यवस्थित झाले. दुसऱ्या लॅपटॉपवर आयडी १००१ निघाला, तिथे १००० चा यूझर आज संध्याकाळी करते. हेडर दोन्ही पासफ्रेजने तपासलं, गप्प बसून प्रॉम्प्ट आला. हेडरची फाइल आता मधलीसुट्टी यांच्या पद्धतीने जीपीजी -सी करून वेगळ्या डिस्कवर ठेवतेय, चालेल ना?

मधलीसुट्टी

चालेल, फक्त त्याची पासफ्रेज वेगळी ठेव आणि तीही त्याच कागदावर लिही. कागदपत्रांची एक प्रत दुसऱ्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवरही असू दे, हेडर शाबूत राहून पेनड्राइव्हची चिपच गेली तर वरचं काहीच कामाला येत नाही.